फोटोतून कापलेला खांब

हेमंत, तो टॉर्च विझव आधी. सेल काय सासऱ्याने पाठवलेत? पॅसेंजर दोन तास लेट आहे, आणि या तिगावच्या फलाटावर दिवे दोन, त्यातला एक मेलेला. बसा असे जवळ. सुरेश, तूही ये, अंगावर ओढून घे काहीतरी. मघापासून भुताची गोष्ट म्हणून माझं डोकं खाताय, तर ऐका. पण मध्ये बोलायचं नाही.

भूत मी पाहिलेलं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं, तोही कधी 'पाहिलं' असं म्हणत नाही. पण तो माणूस माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला. मधुकर त्याचं नाव, पांढुर्ण्याला फोटो स्टुडिओ होता त्याचा. खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही, बोलायला गेला की कान लाल व्हायचे. आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि तेही तोंडाने नाही.

साल १९८६. ऋषिपंचमीचा दिवस, सोमवार. दुपारी तीनच्या सुमाराला सौंसरहून इंदू त्याच्या दुकानात आली. इंदू म्हणजे कलाबाईची एकुलती एक लेक. कलाबाई पांढुर्ण्यातच खालच्या गल्लीत एका कवेलूच्या, कौलारू खोलीत एकटी राहायची, मोसमात संत्री निवडायला जायची. तिच्या खोलीला लागून एक जुनं दुमजली घर होतं, वर्षानुवर्षं बंद. आदल्या साली भाद्रपदात, पंचमीचा उपास सोडून कलाबाई निजली, आणि त्या रात्री त्या दुमजली घराची भिंत तिच्या खोलीवर आली. सकाळी लोकांनी माती उपसून तिला बाहेर काढलं. संपलं होतं सगळं.

"भाऊ, उद्या आईचं वर्षश्राद्ध हाये," इंदू म्हणाली. "घरात तिचा एक फोटो नाही. हार कायले घालू मी?"

मधुकर गल्ल्यातली सुटी नाणी मोजू लागला.

"तुमी त्या बाजूच्या घराच्या भितीचा फोटो काढला होता न, आई जायच्या आधी? त्यात आई दारात उभी हाये. मी पाह्यला होता तो, पण तो तं मातीत गेला. भित नको, घर नको. तेवढी आई मोठी करून द्या."

मधुकर म्हणाला, "तुमी जा, ताई. उद्या पहिल्या मोटरीनं मीच घेऊन येतो."

"लय उपकार होतील जी."

उपकार हा शब्द ऐकून त्याला कसंसंच झालं. संध्याकाळी ताटावरून तसाच उठला. का, ते सांगतो. हा भाग कान देऊन ऐका, नाहीतर पुढे भीती वाटायच्या जागी मला प्रश्न विचारत बसाल.

उंच घराचा फोटो काढायचा आणि गल्ली अरुंद, मग काय करणार? कॅमेऱ्याचं तोंड वर करावं लागतं. तोंड वर केलं की फोटोत सगळ्या उभ्या वस्तू वरच्या अंगाला एकमेकींकडे झुकतात. डावीकडचा खांब उजवीकडे कलतो, उजवीकडची भिंत डावीकडे. वस्तू जागच्या जागी सरळ असतात, कागदावर तेवढ्या वाकड्या दिसतात. मधुकर दोन वर्षं नागपूरला एका म्हाताऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली होता, तिथे तो यावरचा उपाय शिकून आला. अंधाऱ्या खोलीत एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून पाडणाऱ्या यंत्राखाली, आपण कागद ठेवतो की नाही, त्या कागदाची चौकट एका बाजूने उचलायची, खाली लाकडाची पाचर सारायची. घराच्या पायाकडची बाजू भिंगाजवळ येते, तिथे चित्र आकसतं. माथ्याकडची लांब जाते, तिथे पसरतं. झुकलेल्या रेघा उभ्या राहतात. साधी गोष्ट, पण आपल्या भागात ती कोणालाच येत नव्हती, आणि मधुकरला तिचा भारी तोरा. शाळांच्या इमारती, देवळांचे कळस, लग्नाचे मांडव, सगळं सरळ करून द्यायचा. पुढे पुढे तर वाकडं दिसलं की त्याचे हातच शिवशिवायचे.

अशात कलाबाई आली, मे महिन्यात. बंद घराची भिंत आपल्या खोलीकडे झुकते आहे, अंगावर येईल, असा तिचा अर्ज होता. नगरपालिकेच्या कचेरीत सांगितलं, आधी फोटो लाव. मधुकर कॅमेरा घेऊन गल्लीत गेला. डावीकडे विजेचा लोखंडी खांब, उजवीकडे ती भिंत, मध्ये कलाबाईचं दार. ती दारातच उभी होती.

"मले कायले घेतं, बापू," ती म्हणाली. "भित घे. भित झुकून राहिली."

"तुमी राहा उभ्या, मावशी. माणूस असला का उंची समजते."

रात्री तो फोटो करायला बसला. भिंत झुकलेली दिसली. हात शिवशिवले. कॅमेऱ्याचा दोष, दुसरं काय असणार? त्याने पाचर सारली. भिंत थोडी उठली, पण उभी होईना. आणखी सारली. आणखी सारली. शेवटी भिंत उभी राहिली, आणि दुसऱ्या अंगाचा खांब बाहेर कलंडला.

तिथेच थांबायला हवं होतं त्याने. खांब सरळ होता, अख्ख्या गल्लीला ठाऊक. खांब उभा राहील एवढीच पाचर सारायची, आणि मग भिंत जशी दिसेल तशी दिसू द्यायची. ती झुकलेलीच दिसली असती, कारण ती झुकलेलीच होती. बाईने तोंडाने सांगितलं होतं. पण याला सरळ भिंतीचा मोह. खांब वाकडा दिसतो म्हणून याने खांबच कापून टाकला. कागदाची ती कड कात्रीने उडवली, संपलं काम.

कलाबाईने फोटो हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिला. "बापू, याच्यात तर भित सरळ दिसते."

मधुकर हसला. हसला, बरं का. म्हणाला, "डोळ्याले वाकडं दिसते, मावशी. फोटो खरं सांगते."

शिकलेल्या माणसाचा शब्द. ती फोटो घेऊन कचेरीत गेली. साहेबांनी टेबलावरूनच पाहिला, जागेवर यायचे कष्ट वाचले. "ये दीवार तो एकदम सीधी है, बाई." अर्ज परत. चार महिन्यांनी काय झालं, ते सांगितलंच.

मधुकरला कोणी दोष दिला नाही. देणार कोण? खांब कापल्याचं एकट्या त्यालाच ठाऊक. निगेटिव्ह त्याने खोक्याच्या तळाशी घातली. त्या दिवसापासून त्याने पाचरीला हात लावला नाही. एका हेडमास्तरांनी तक्रार केली, आमची शाळा पडायला आल्यासारखी काय दिसते हो, तर हा म्हणाला, असू द्या. लोक म्हणायला लागले, मधुकरचा हात बिघडला.

तर ती ऋषिपंचमीची रात्र. गावात गणपती बसलेले. मंडळाचा भोंगा साडेदहाला बंद झाला. मधुकर फोटो नेहमी अकरानंतरच करायचा, कारण तोवर गावातले दिवे निजतात, पिठाच्या गिरण्या थांबतात, व्होल्टेज जाग्यावर येतं. त्याची अंधारी खोली दुकानाच्या मागे होती, जिन्याखाली. खिडकी नाही. वर बायको नलिनी आणि पोरं.

"आज राहू द्या न," नलिनी जिन्यातून म्हणाली. "चेहरा पाहा कसा झाला तुमचा. पहाटे करजा."

"पहाटे मोटर आहे. तू नीज."

अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याने आतून कडी लावली. लाल दिवा लावला. एक थाळी चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपरची, एक ते पक्कं करणाऱ्या हायपोची, एक पाण्याची. निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये सरकवली आणि चित्र मोठं मोठं करत नेलं, फक्त दार आणि दारातली बाई कागदावर येईल इतकं. भिंत बाहेर, खांब बाहेर. इंदूने तरी तेवढंच मागितलं होतं. तेवढं देऊ, हात जोडू, आणि परत येऊ. कोणाला काही सांगायची गरज पडणार नाही. खरं सांगायचं तर दिवसभर तो याच एका गोष्टीच्या आधारावर होता.

खाली चित्र उमटलं. निगेटिव्हचं चित्र उलटं असतं, पांढऱ्याचं काळं, काळ्याचं पांढरं. दारात कलाबाई उभी. चेहरा काळा, पिकलेले केस काळपट, डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके. त्याने नजर काढून घेतली. कागद लावला. बारा आकडे मोजले. कागद थाळीत टाकला आणि थाळी हलवू लागला. फोटो थाळीत असेपर्यंत ती हलवत राहावी लागते, पाळणा हलवल्यासारखी.

चौकट उमटली. उंबरा उमटला. दाराची साखळी, बाजूचा माठ, माठावरचं झाकण.

दार रिकामं होतं.

मधुकरला वाटलं, कागद जुना असेल. त्याने निगेटिव्ह काढून भिंगाने पाहिली. होती. दारात उभी होती. पुन्हा सरकवली, पुन्हा कागद लावला. या वेळी वीसपर्यंत मोजलं.

चौकट. उंबरा. साखळी. माठ.

आणि उंबऱ्यावर सावली. बाईची सावली होती. बाई नव्हती.

वर पोरगं झोपेत कण्हलं, तेवढा आवाज. मग तोही नाही. मधुकरने स्वतःला समजावलं, बाई तिरपी उभी असेल, म्हणून नीट येत नसेल. याला काही अर्थ नव्हता, पण घाबरलेला माणूस आपल्या हातांच्या सवयीकडे पळतो. फळीवर ती लाकडाची पाचर पडून होती, वर्षभराची धूळ खात. त्याने ती उचलली. चौकटीखाली सारली.

मागे काहीतरी सांडलं.

बारीक. वाळलेल्या मातीचा ढेकूळ बोटांनी चुरावा, तसं. सर्र... आणि थांबलं.

त्याने मागे पाहिलं नाही. कागद लावला. मोजायला लागला. एक, दोन, तीन... सातावर मागे पुन्हा. सर्र... आता जवळ.

कागद थाळीत पडला. चौकट आली. उंबरा आला. सावली उंबऱ्यावर नव्हती. ती खाली उतरली होती. गल्लीत लांब झाली होती. कागदाच्या कडेपर्यंत आली होती. त्याच्याकडच्या कडेपर्यंत.

ओल्या मातीचा वास आला. पाऊस नव्हता त्या दिवशी.

कडी दोन हातांवर होती. काढायची, जिना चढायचा, वर जाऊन दिवा लावायचा. तो म्हणतो, एक पाय उचललाही होता. पण डोळ्यांपुढे इंदू आली. उद्या भिंतीवर एक खिळा असेल, हातात हार असेल, आणि घालायला काही नसेल. तो पाय त्याने खाली ठेवला. गड्यांनो, मधुकर शूर वगैरे नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली, एवढंच.

मग त्याला कळलं. कोणी सांगितलं नाही. कळलं.

नुसती बाई यायची नाही. पाचरीवर तर नाहीच नाही. आई द्यायची तर भिंतीसकट द्यावी लागेल. खांबासकट. कात्री न लावता. आणि तसा फोटो इंदूच्या हातात गेला, की तिला दिसणार. भिंत किती झुकली होती, ते दिसणार. मागच्या फोटोत ती सरळ कशी होती, ते ती विचारणार.

बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मागे कोणीतरी तितकाच वेळ उभं होतं.

त्याने पाचर काढली. एन्लार्जरचं डोकं खाली आणलं. अख्खी निगेटिव्ह कागदावर बसवली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. बारा आकडे मोजले. कागद थाळीत सोडला आणि दोन्ही हात छातीशी घट्ट धरले, कारण ते आता त्याचं ऐकतच नव्हते.

थाळी हलत होती.

हात छातीशी. थाळी हलत होती. एका बाजूने उचलली जात होती, खाली ठेवली जात होती. हळू. बेताने. पाणी इकडून तिकडे जात होतं.

खांब उमटला. मग भिंत. झुकलेली. खांबाच्या कलण्यापेक्षा कितीतरी जास्त झुकलेली, आंधळ्यालाही दिसावी अशी. मग कवेलू. मग दार.

रिकामं.

"मावशी..." तो थाळीकडे पाहून म्हणाला. "मावशी... भित वाकडीच होती."

थाळी हलत राहिली.

"मीच सरळ केली. मी... खांब कापला मी."

...

थाळी थांबली.

पाणी स्थिर झालं, आणि त्या स्थिर पाण्याखाली उंबऱ्यावर दोन पावलं उमटली. मग लुगड्याचा काठ. निऱ्या. हात. मान. सगळ्यात शेवटी चेहरा आला. मे महिन्यात होता तसाच, डोळे बारीक करून उन्हाकडे पाहणारा. त्यात राग नव्हता. मधुकर म्हणतो, राग असता तर बरं झालं असतं.

मातीचा वास केव्हा गेला, त्याला ठाऊक नाही. पहाटे चारला नलिनीने दार वाजवलं, तेव्हा तो जमिनीवर बसलेला होता. फोटो धुऊन झालेला, वाळलेला. त्याने तो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पहिल्या मोटरीने सौंसरला गेला.

इंदूच्या अंगणात सारवून झालं होतं. भटजी यायचे होते. मधुकर बसला नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, पाचर, खांब, कात्री, सगळं. रात्रीचं मात्र सांगितलं नाही. ते सांगून आपली कीव यावी, असं त्याला वाटलं नाही. मग फोटो दिला.

इंदूने फोटो पाहिला. भिंत पाहिली. आई पाहिली.

"आईनं सांगतलं होतं न तुमाले?"

"सांगतलं होतं."

"मंग?"

मधुकरने वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. आत कोणीतरी भांडी लावत होतं, तेवढा आवाज येत होता.

"अर्ज परत आला न, तवा ते माह्याकडं आली होती," इंदू म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "म्हणे, इंदू, माह्याच डोळ्यात फरक पडला असन. मले भित वाकडी दिसते, अन् फोटोत सरळ हाये. मी तिले डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं, भाऊ. चष्मा करून देल्ला. चष्मा लावून लावून ते भित पाहे."

मधुकर तिथेच, त्या सारवलेल्या अंगणात, मटकन खाली बसला. पोरांनो, माणूस रडतो ते मी पुष्कळ पाहिलंय. पण तो दिवस सांगताना हा माणूस अजूनही जसा रडतो, तसं कोणी रडू नये.

इंदूने त्याला हाकललं नाही, ऊठही म्हटलं नाही. पदराने फोटो पुसला, मागून कुठे ओल लागली का म्हणून उलटा केला. आणि तशीच थांबली.

"हे काय जी?"

फोटोच्या पांढऱ्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, जांभळ्या शाईचा अंगठा होता. डाव्या हाताचा, लहानसा, मधोमध आडवी चीर गेलेला. पहाटे गुंडाळताना ती बाजू कोरी होती. वर्तमानपत्रावर कुठे डाग नव्हता. मधुकरच्या दुकानात जांभळी शाई कधी नव्हतीच.

"आईले सही येत नव्हती," इंदू हळूच म्हणाली. "अर्जावर ते अंगठाच लावे. हेच चीर राहे त्यात."

मधुकरने आपले दोन्ही अंगठे उलटून पाहिले. कोरडे होते. इंदूने फोटोवरच्या अंगठ्याला बोट लावलं, आणि तिच्या बोटाला शाई लागली.